कोपऱ्यावरचं घर

रस्ते खात्याच्या ऑफिसात वार्तान केशिशियानने नकाशा पुन्हा टेबलावर पसरला, तेव्हा शेजारी बसलेल्या थुई लामने पेन खाली ठेवलं.

"परत ते घर?"

"घर नाही, पूल बघतोय."

"पूल बघणारा माणूस असे उसासे टाकत नाही," थुई म्हणाली.

फ्रीवेच्या मधोमध कारपूलची लेन होती, एका गाडीत दोघंतिघं असतील त्यांच्यासाठी. पण तिथे पोहोचायला कडेने शिरून चार लेन आडव्या कापाव्या लागत, आणि लॉस एंजलिसच्या त्या पट्ट्यात सकाळच्या गर्दीत ते जिवावरचं काम होतं. रोज कुणी ना कुणी ठोकत असे. उपाय सरळ होता: वरच्या पुलावरून थेट मधल्या लेनमध्ये उतरणारा रॅम्प. मॅरिगोल्ड स्ट्रीटचा पूल त्याला अगदी योग्य. फक्त पुलाला मिळणारा रस्ता रुंद करायचा तर कोपऱ्यावरचं एक घर जात होतं. ओतिलिया सामारिपाचं.

दुसरी जागा होती पश्चिमेचा पुढचा पूल. तिथे कुणाचं घर जात नव्हतं, पण उतार तीव्र, जमीन भुसभुशीत आणि आखणी पहिल्यापासून करायची.

"तू निवृत्त व्हायला आलास," थुई म्हणाली. "सोपं आहे ते कर आणि मासे पकडायला जा."

तीस वर्षांत वार्तानने पुष्कळ घरं पाडायला लावली होती, सगळी नियमात, सगळी योग्य मोबदला देऊन. मागच्या कामात हॅगर्टी नावाच्या एका म्हाताऱ्याला फ्लॅटमध्ये हलवलं होतं. तो त्याच हिवाळ्यात गेला. वार्तान अंत्यविधीला गेला तेव्हा म्हाताऱ्याच्या मुलीने त्याच्याशी हात मिळवला नाही. तेव्हापासून त्याला नीट झोप लागत नव्हती.

मॅरिगोल्ड स्ट्रीटची माणसं दर सुनावणीला भांडायला यायची. 'दोन्या ओतिलियाच्या घराला हात लावू नका' असे फलक त्यांनी स्वतःच रंगवले होते; तिला सगळे आदराने दोन्या, म्हणजे बाई, म्हणत. ओतिलिया पहिल्या रांगेत बसायची. काळा स्वेटर, मांडीवर पर्स. लोक तिच्यासाठी ओरडत, ती मान खाली घालून ऐकत राही. एकदाही बोलली नाही.

वार्तान तिला भेटायला घरी गेला. तिने दालचिनी घातलेली कॉफी दिली, वर साखरेचा पाव. भिंतींवर तसबिरी नव्हत्या, फक्त त्यांचे फिकट चौकोन उरले होते. त्याला पाहवेना.

"मुलं किती?" त्याने विचारलं.

"तिघं. तिघंही लांब." ती थांबली. "नवरा, चोन, याच खोलीत गेला. घर त्याने हाताने बांधलं. एकेक वीट."

"मला कळतं, दोन्या."

"इंजिनिअरसाहेब, खरं सांगा. घेणार ना तुम्ही घर?"

"अजून ठरलं नाही."

"ठरेल कधी? मला काय ते एकदा कळू द्या. हे टांगून राहणं सोसत नाही आता."

बाहेर पडताना तिने त्याला पेरूची दोन रोपं दिली. म्हणाली, "घेऊन जा, इथे आता त्यांना कोण पाणी घालणार?" गाडीत बसल्यावर वार्तानने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग ऑफिसला जाऊन त्याने पश्चिमेच्या पुलाची आखणी उघडली.

ते वर्ष त्याला पुरून उरलं. साहेब आधी हसले, मग चिडले, मग त्याच्याकडचं प्रमुखपद काढून थुईला दिलं. त्याने निवृत्ती पुढे ढकलली. जमिनीची तपासणी पुन्हा करवली, उतार बसवण्यासाठी रॅम्प लांबवला, वळण बदललं. थुई आता त्याची साहेब होती. ती त्याच्याबरोबर शनिवारीही येऊन बसे आणि कुरकुरत आकडे तपासे.

"एका म्हातारीसाठी," ती म्हणायची.

"एकीसाठी तरी," तो म्हणायचा.

शेवटी पश्चिमेचा पूल मंजूर झाला. सभागृहात मॅरिगोल्ड स्ट्रीटच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, एकमेकांना मिठ्या मारल्या. ओतिलिया त्या दिवशी आली नव्हती. गुडघे दुखतात, असं शेजारणीने सांगितलं. ही बातमी आपणच द्यायची म्हणून वार्तानने शेजारणीला गप्प राहायला सांगितलं आणि तडक निघाला.

ओतिलियाने दार उघडलं. त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती हळूच खुर्चीत बसली.

"ठरलं?"

"ठरलं, दोन्या. घर राहिलं. तुमचंच राहिलं."

फ्रीवेचा आवाज खिडकीतून येत होता. आनंदाने शब्द फुटत नसतील, असं वार्तानला वाटलं. तो गुडघे टेकून तिच्यासमोर बसला.

"पुन्हा बदलणार नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. मी स्वतः पक्कं करून घेतलंय. आता या घराला कुणी हात लावणार नाही, तुम्ही आहात तोवर तरी नाही."

तिने डोळे मिटले. बोलली तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता.

"चोनने मरताना माझ्याकडून शपथ घेतली. घर विकायचं नाही, रिकामं सोडून जायचं नाही. सरकारनेच घेतलं तर शपथ मोडत नाही, असं पाद्री म्हणाले. पण घर घ्या असं मी तोंडाने मागितलं असतं तर ते विकल्यासारखंच झालं असतं. तिकडे गावी बहीण माझी वाट बघतेय." तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला. "रोज सकाळी मी देवाकडे तुमचाच रस्ता मागत होते, बाळा."