शनिवारचे साहेब

"नळ्या अकराच आहेत. बारावी कुठंय?" साहेबांनी विचारलं.

दुकानदारीणबाईंनी कोपऱ्यातल्या डब्याकडे बोट केलं. फुटलेली ट्यूबलाइट त्यांनी सकाळी घरच्या कचऱ्यात लोटली होती. साहेब चिडले नाहीत. आत पारा असतो, एवढंच म्हणाले. दारं-खिडक्या उघडायला लावून, हातमोजे चढवून त्यांनी स्वतः एकेक काच वेचली आणि झाकणाच्या बरणीत भरली.

विजेच्या सामानाचं हे दुकान नवऱ्यामागे बाई एकट्याच चालवत. नवं विकायचं तर गिऱ्हाइकाचं जुनं परत घ्यायचं आणि ते सरकारमान्य केंद्राकडेच पाठवायचं, असा नियम आला, तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता. मागची खोली मोडक्या मिक्सरांनी, इस्त्र्यांनी, फुगलेल्या बॅटऱ्यांनी भरली. पाय ठेवायला जागा उरली नाही. शेवटी एक भंगारवाला सगळं एका खेपेत उचलायला तयार झाला.

टेम्पो दारात लागला आणि नेमके त्याच शनिवारी साहेब पहिल्यांदा आले. कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत वही.

"हा माल कुठं जाणार?"

तपासणीचे साहेब! बाईंनी भंगारवाल्याला हातानेच जायला खुणावलं. टेम्पो रिकामाच परत गेला.

तेव्हापासून शनिवार चुकला नाही. बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावा, फ्रिजची गॅसची नळी कापू देऊ नका, केंद्राची पोच दाखवा. चहाला मात्र कधी हो म्हणाले नाहीत. आधी बाई मनातल्या मनात त्यांना साडेसाती म्हणत. पुढे शेजारचे दुकानदार सल्ला विचारायला येऊ लागले आणि बाई साहेबांच्याच थाटात त्यांना चार गोष्टी सुनावू लागल्या.

वर्षाने प्रदूषण मंडळाचं ओळखपत्र गळ्यात घातलेल्या एक मॅडम तपासणीला आल्या. तासभर सगळं उलटंपालटं करून म्हणाल्या, की मोठमोठ्या शोरूममध्येही इतकं चोख काम पाहिलं नाही.

"श्रेय तुमच्या साहेबांचं," बाई म्हणाल्या. "हे बघा, आलेच."

साहेब पायरीवरच थबकले. मॅडम त्यांच्याकडे बघतच राहिल्या. बाईंनी लगबगीने खुर्ची पुढे केली, पण ते बसले नाहीत.

"मी साहेब आहे असं कधी म्हणालो नाही, बाई," ते हळूच म्हणाले. "नदीकाठी तांब्यासाठी भंगारातल्या तारा जाळताना या मॅडमनीच मला पकडलं होतं. हे सगळं तेव्हा त्यांनीच शिकवलं."