तिसऱ्या शिट्टीपर्यंत
हिंजवडीची बस आज लवकर पोचली. एरवी तो घरी यायचा तेव्हा त्याची मुलगी कादंबरी गणिताच्या पुस्तकावर डोकं टेकून झोपलेली असायची. बायको वारल्यापासून पोरीने अभ्यास एक दिवसही सोडला नाही, याचा त्याला अभिमान वाटायचा. आताही जिन्यात समोरच्या काकू म्हणाल्या होत्या, “अहो, काय चिकाटी! आमचे चिरंजीव बसतात ते उठण्यासाठीच.” आज ती जागी होती, पाढा म्हणत होती. खानावळीचा डबा उघडून त्याने हाक मारली, “चल, जेवून घेऊ.” “अजून उठायचं नाहीये, बाबा.” “अगं, एकोणीसचा तर तुझा केव्हाच पाठ झालाय.” “हो. पण आई सांगायची ना, तीन शिट्ट्या होईपर्यंत उठायचं नाही. आणि तीन झाल्या की गणित अर्धं राहिलं तरी पुस्तक मिटायचं.” स्वयंपाकघराकडे बघत ती म्हणाली, “शिट्टी होतच नाही.” डबा सुरू झाल्यापासून घरात कुकर लागलाच नव्हता. त्याने फळीवरून कुकर काढला, नुसतं पाणी घातलं आणि गॅस पेटवला. पाणी उकळलं, पण रिंग वाळून कडक झाली होती; वाफ झाकणाच्या कडेने निघून जात होती. त्याने दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलं. हात भाजले. बाहेर पाढा संपला, आणि तिने तो पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, “एकोणीस एके एकोणीस...”