कोल्ह्याचा माग

हर्सूल तलावाकाठी हौशी रेडिओ क्लबची कोल्ह्याची शिकार रंगली होती. कोल्हा म्हणजे चालू करून लपवलेला ट्रान्समीटर. अँटेना फिरवत त्याचा माग काढायचा. सगळ्यांना ही विद्या शिकवणारे कडूबाकाका मात्र आज चक्रावले होते. अँटेना पाण्याकडं वळवा नाहीतर बाभळींकडं, रिसीव्हर सगळीकडं सारखाच बोंबलत होता. मागं पाहतात तर सगळ्यांच्या अँटेना त्यांच्याच शबनम पिशवीवर रोखलेल्या! "काय रे, सापडला?" काकांनी विचारलं. "काका, यंदा कोल्हा लपवायचं काम तुमच्याकडंच..." सत्यम बोलून गेला, तशी निशानं त्याला कोपरानं ढोसलं. "माझ्याकडं?" काका गोंधळून बघत राहिले. "नाय काका, त्याचं काय ऐकता!" निशानं आपली अँटेना हळूच तलावाकडं वळवली. पाठोपाठ बाकीच्यांनीही वळवल्या. "तुम्ही व्हा पुढं, आम्ही हावोत मागं." काका निघाले. पिशवी आज एवढी जड का, त्यांना काही उमगेना.