जपून ठेवलेलं

"खरं सांग, काय खाल्लंस?"

"काही नाही गं आई."

"मग हा आकडा काय आकाशातून पडला?"

मीटरवर तीनशे चाळीस. कालपासून मुलीची साखर खाली यायलाच तयार नव्हती. इन्सुलिन वेळच्या वेळी, जेवण मोजूनमापून, तरी पोरगी तांब्यावर तांब्या पाणी पीत होती. आईने खाऊचे डबे उघडले, दप्तर उपडं केलं, उशीखाली हात घातला. निघाली ती पेन्सिलीची टरफलं.

"उन्हाने तहान लागते," मुलगी म्हणाली.

"उन्हावर ढकलू नकोस!"

आजोबा दारात आले. "सूनबाई, लेकराच्या मागे हात धुऊन काय लागलीस? उकाड्याने होत असेल. औषधाला मी ऊन लागू दिलेलं नाही."

"म्हणजे?"

"फ्रिज धड गार करत नाही. उकाड्याने औषध नासतं, तूच म्हणालीस ना? परवा रात्री इन्सुलिनचं पेन वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. पहाटे आठवणीने खाली काढलं. दगड झालं होतं अगदी!" शाबासकीची वाट बघत ते हसले.

आईने तडक फोन लावला.

"एकदा गोठलं की संपलं," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या. "दिसायला पाणी, कामालाही पाणीच. फेकून द्या. नवं आणा, मी सांगते तेवढंच द्या, लघवी तपासा. उलटी झाली तर थेट इकडे या."

आई तशीच औषधाच्या दुकानात धावली. डांबराला चपला चिकटत होत्या. नवं पेन रुमालात गुंडाळून, बर्फाला टेकणार नाही असं थर्मासात घालून आणलं. टोचलं. मग वाट बघणं. उठ, बस, लेकीच्या कपाळाला हात लाव. आजोबा खुर्चीत मान घालून बसलेले. "जपायला गेलो गं मी," एवढंच पुटपुटत होते.

दुपार कलता कलता आकडा खाली सरकू लागला. आईने लेकीला जवळ ओढलं. सॉरी म्हणायचं होतं, तोंडून भलतंच निघालं.

"माझ्यावर रागावलीस?"

"नाही," मुलगी म्हणाली आणि पायाच्या अंगठ्याने फरशी उकरू लागली.

खोटं बोलताना ती नेहमी तसंच करायची. कालपासून तिने एकदाही केलं नव्हतं.