सुचलेले आणि घडवलेले

नवकल्पना कार्यालयातील तपासनीस बाईंनी चमचा यंत्रासमोर धरला, उत्तर वाचले आणि तो टेबलावर ठेवला.

"आजोबा, ही रचना आमच्या यंत्राला एकोणीस वर्षांपूर्वीच सुचली आहे. हक्क यंत्राच्या मालकांचा."

"सुचली, पण बनवली का कुणी?" वृद्ध तांबट दिगंबर करडे यांनी विचारले.

"नाही. अशा नऊ कोटी रचना नुसत्या नोंदून ठेवल्या आहेत."

"म्हणजे ज्याने काही घडवलं नाही तो निर्माता, आणि मी चोर?"

"वाद नको, आजोबा. नक्कल करणाऱ्यानेच ती मोडायची, असा कायदा आहे." बाईंनी हातोडी पुढे सरकवली.

शेजारी दिगंबरांच्या पत्नी कावेरीबाई बसल्या होत्या. सात वर्षे त्यांचे हात कापत होते. वजनदार मुठीचा हा चमचा मात्र त्या हातांतही स्थिर राहत असे.

"थांबा, माझं जेवण व्हायचंय," त्या म्हणाल्या.

त्यांनी डबा उघडला आणि वरणभात सावकाश, शेवटच्या शितापर्यंत स्वतःच्या हाताने खाल्ला. एक थेंबही सांडला नाही. मग चमचा पदराने पुसून त्यांनी पतीसमोर ठेवला.

"अहो, मारा आता. संध्याकाळपासून पुन्हा तुम्हीच भरवा."