भाजी आणायची गाडी

मिस्त्रींनी गाडीवरची ताडपत्री ओढून काढली, तिची घडी केली आणि ती सरळ कचऱ्याच्या डब्यावर नेऊन ठेवली.

"अहो, आज सोमवार," बायको दारातून म्हणाली. "गाडी पुसायचा वार काल झाला."

"पुसायची नाही, वापरायची. रोज. भाजी, दूध, दवाखाना, सगळं हिच्यातूनच. चल, पिशवी घे."

लाल, बसकी, बिनटपाची, दोनच माणसांची गाडी. भंगारातून आणून मिस्त्रींनी स्वतःच्या हातानं उभी केलेली. दर रविवारी शेडमध्येच इंजिन थोडा वेळ चालू करायचं आणि पुन्हा बंद करायचं. बाहेर धूळ होती, खड्डे होते. लग्नानंतरची काही वर्षं बायको तेवढ्या वेळासाठी छान आवरून शेजारी येऊन बसायची. विचारायची, "कुठपर्यंत आलो?" समोरच्या भिंतीकडे बघत मिस्त्री सांगायचे, "घाट लागला." नाहीतर, "आता समुद्र दिसेल बघ."

कुंपणापलीकडून शेजारी ओरडला, "काय मिस्त्री, राजकन्येला आज भाजी आणायला धाडताय?"

"खूप लाड झाले तिचे," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी बायकोसाठी दार उघडलं.

सीट जवळजवळ जमिनीला टेकलेली. बायको पाठमोरी होऊन वाकली. ऑपरेशन झालेला गुडघा अर्ध्यातच अडला. मिस्त्रींनी तिच्या काखेत हात घालून तिला धरलं. मग सीटवर उशी ठेवून पाहिली, उशीवर दुसरी उशी ठेवली. तिच्या कपाळावर घाम आला.

"सोडा," ती म्हणाली.

"सीट उंच करतो. उद्याच करतो. खाली दोन पट्ट्या जोडल्या की झालं."

"आणि मला उतरवायला क्रेन बोलवा." ती हसली.

मिस्त्री हसले नाहीत. "किती वेळा म्हणालीस, कोपऱ्यापर्यंत तरी जाऊन येऊ."

"तुम्ही म्हणायचात, ओरखडा आला तर?"

दारावर एकही ओरखडा नव्हता. लाल रंगात तिचा न वाकणारा पाय स्वच्छ दिसत होता.

ती घरात गेली. मिस्त्री दोन्ही उशा हातात घेऊन तसेच उभे राहिले. थोड्या वेळानं ती स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत परत आली. गाडीचं दार तिनं लोटून घेतलं, खुर्ची त्याला अगदी चिकटून मांडली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.

"करा चालू."

मिस्त्री आत बसले. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. तिनं हात लांबवून दारावर ठेवला आणि डोळे मिटले.

"कुठपर्यंत आलो?"

समोर तीच भिंत होती. मिस्त्रींना घाट सुचेना, समुद्र सुचेना.

"बाजारात," ते शेवटी म्हणाले.

"इतक्या लवकर?"