पिवळ्या डब्याची वाट

काँक्रीटचा ट्रक तासभर आधीच अंगणात येऊन उभा राहिला आणि जार्लाथनं पक्कड मागितली.

“कशाला?” त्याच्या बायकोनं, ब्रीजनं, विचारलं.

“या प्लगचं मुंडकं उडवायला.”

ओतलेलं काँक्रीट हलवून घट्ट बसवायचा व्हायब्रेटर भिंतीच्या साच्याला, शटरिंगच्या फळ्यांना टेकून ठेवला होता. मोटर, लांब रबरी नळी आणि टोकाला काँक्रीटमध्ये बुडवायची जाडजूड निडल. तो जार्लाथच्या धाकट्या भावाचा, एन्डाचा. जमिनीच्या वाटणीपासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. गोठ्याखाली शेणाची टाकी बांधायची ठरली, तेव्हा ब्रीजनंच नवऱ्याला न विचारता दिराला फोन केला. तो काल संध्याकाळी येऊन फाटकातच व्हायब्रेटर ठेवून गेला होता. त्याचा पिवळा प्लग घरातल्या सॉकेटमध्ये जातच नाही. मधे ट्रान्सफॉर्मरचा पिवळा डबा लागतो, तो घरातली वीज निम्म्यावर आणतो. तो डबा दुसऱ्या कामावर अडकला होता. “साडेआठला डबा घेऊन येतो आणि मीच चालवतो. तोवर कुणी हात लावू नका,” असं वहिनीला बजावून एन्डा गेला होता.

“तासाभराचा तर प्रश्न आहे,” ब्रीज म्हणाली.

“चहा मिळाला तर मी थांबतो,” ड्रायव्हर वरून म्हणाला. “ड्रम फिरता ठेवतो, काय बिघडतंय?”

“त्याच्यासाठी माझ्याच अंगणात मी ताटकळत बसू? शेजाऱ्यांना वर्षभर चघळायला पुरेल.”

शेजारी म्हणजे म्हातारा पॅकी, फावडं घेऊन समोरच उभा होता. मेयो परगण्याच्या त्या भागात काँक्रीट ओतायच्या दिवशी लोक न बोलावता येतात आणि दुपारी त्याच घरी जेवून जातात.

“चघळायला मला दात कुठायत?” पॅकी म्हणाला. “पण जार्लाथ, तो प्लग काही उगाच पिवळा नसतो.”

“रंगाशी काय देणंघेणं? वीज ती वीज.”

सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही, अशी त्या घराण्याची ख्यातीच होती. जार्लाथनं पिवळा प्लग कापला, चहाच्या जुन्या किटलीचा प्लग काढून तिथे जोडला आणि वायर स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत टाकली. ड्रायव्हरचा चहा त्यातच बुडाला.

ट्रकमधून काँक्रीट फळ्यांमध्ये पडू लागलं आणि व्हायब्रेटर सुरू झाला. तो गुणगुणायला हवा होता, पण हा किंचाळत होता. तरी निडल आत गेली तसे बुडबुडे वर आले आणि काँक्रीट लापशीसारखं सैल होऊन सळयांभोवती बसलं. जार्लाथनं ऐटीत बायकोकडे पाहिलं. भिंत अर्ध्यावरही आली नव्हती, तोच करपल्याचा वास सुटला, मोटरमधून काळा धूर निघाला आणि आवाज मेला.

नेमका त्याच वेळी एन्डा आला. पिवळा डबा त्यानं गाडीत शेजारच्या सीटवर पट्टा लावून बसवला होता. त्यानं धूर पाहिला, चिखलातून खिडकीत गेलेली वायर पाहिली. तो आधी घरात शिरला आणि प्लग उपटून मगच बाहेर आला.

“म्हण काय म्हणायचंय ते,” जार्लाथ म्हणाला. “जाळलं तुझं मशीन.”

“हात दाखव.”

“काय?”

“हात दाखव, गाढवा.”

एन्डानं भावाचे दोन्ही पंजे उलटसुलट करून पाहिले. ते ओले होते, मनगटापर्यंत सिमेंटनं माखलेले.

“तो डबा मशीनसाठी नसतो रे, माणसासाठी असतो. वायर कुठे सोललेली असती, तर या चिखलात उभ्या उभ्या गेला असतास. आणि मला कुणी कळवलं असतं? पॅकीनं?”

जार्लाथला लाज वाटली. तेव्हाच बोलायला हवं होतं, पण काँक्रीट कुणासाठी थांबत नाही. ड्रायव्हरनं पुन्हा ओतायला घेतलं आणि दोघं भाऊ शटरिंगच्या दोन टोकांना सळया घेऊन उभे राहिले. उरलेली भिंत त्यांनी हातानंच कोचून भरली.

“पार तळापर्यंत घाल,” एन्डा ओरडत होता. “कोपरा सोडू नकोस. झोपलास काय?”

जार्लाथ निमूटपणे ऐकत होता. खांदे भरून आले होते, तरी काम संपू नये असं त्याला वाटत होतं. कित्येक वर्षांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

दुपारी भिंत पूर्ण झाली. पॅकी हात धुऊन आत गेला. एन्डा नळाखाली बूट धूत होता.

“एन्डा, चल आत,” ब्रीजनं दारातून हाक मारली. “बटाटे उकडलेत, कोबी आहे, खारवलेलं डुकराचं मांस आहे.”

एन्डानं मान वर केली, पण वहिनीकडे नाही. तो भावाकडे बघत राहिला. त्यानं नळ बंद केला, हात पँटला पुसले, पुन्हा एकदा पुसले.

जार्लाथ भिंतीकडे बघत होता. “वरची कड जरा वाकडी गेलीय,” तो म्हणाला.

“चालेल,” एन्डा म्हणाला. जळका व्हायब्रेटर त्यानं गाडीत टाकला आणि निघून गेला.

“एक शब्द,” ब्रीज म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “‘ये’ एवढं एकच अक्षर म्हणायचं होतं तुला.”

जार्लाथ फाटकाकडे बघत उभा होता.

“उद्या बोलाव त्याला. मी नाही, तू बोलाव.”

“कशासाठी बोलावू?” जार्लाथ म्हणाला. “टाकी तर झाली.”